मेंदूला ‘नको’ चांगलं कळतं

‘मेंदूला नकार कळत नाही’ हे वाक्य मराठीत आता इतकं रुळलं आहे की त्याचा पुरावा मागावा असं कुणाच्या मनातही येत नाही. पालकसभा, दहावी-बारावीच्या मुलांपुढची व्याख्यानं, कंपन्यांमधली प्रशिक्षणं, गर्भसंस्काराचे वर्ग, सकाळी उठल्याबरोबर येऊन पडणारे व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार, सगळीकडे ते सारख्याच ठामपणे सांगितलं जातं. नागपूर त्याला अपवाद नाही. मांडणी ठरलेली असते. मुलाला ‘पळू नको’ म्हटलं की मेंदू त्यातलं ‘पळ’ तेवढं उचलतो आणि ‘नको’ गाळून टाकतो. ‘मी नापास होणार नाही’ असं घोकणाऱ्याच्या अंतर्मनात ‘नापास’ एवढाच शब्द उतरतो. तेव्हा घरातून, शाळेतून, सूचनाफलकांवरून ‘नाही’, ‘नको’, ‘नये’ हद्दपार करा आणि मेंदूला फक्त सकारात्मक शब्दांचा खुराक द्या. वर ‘हे विज्ञानाने सिद्ध झालंय’ अशी पुस्ती असतेच. माझं म्हणणं असं की हे सिद्ध झालेलं नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत प्रयोगशाळांमधून जे हाती आलं आहे ते बहुतांशी याच्या उलट आहे. ‘मेंदूला नकार कळत नाही’ हे वाक्य स्वतःच नकारार्थी आहे आणि तरी सभागृहातल्या सगळ्यांना ते कळतं, एवढ्यावरही हा वाद मिटवता आला असता. पण तो शब्दच्छल झाला. दावा मेंदूबद्दलचा आहे, तेव्हा मेंदूचंच काय ते पाहू.

आधी या दाव्याची कुळकथा. त्याचा एक पाय परदेशात आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी ‘न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग’ नावाची पद्धत काढली. नावात ‘न्यूरो’ असलं तरी ती मेंदूच्या प्रयोगशाळेतून निघालेली नव्हती, नामांकित उपचारकांच्या बोलण्याचं निरीक्षण करून बांधलेली होती. ‘सुप्त मन नकार ओळखत नाही’ हे सूत्र तिच्या अनुयायांनी गावोगाव पोचवलं. पुढे २००६ मध्ये ऱ्होंडा बर्न यांचं ‘द सीक्रेट’ आलं आणि सुप्त मनाच्या जागी साक्षात विश्व आलं. तेही म्हणे ‘नको’ ऐकत नाही, नकोशी वस्तूच पाठवून देतं. दुसरा पाय मात्र अस्सल घरचा आहे. ‘वास्तू तथास्तु म्हणत असते, वाईट बोलू नये’ हे आजीचं सांगणं, ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ही म्हण, ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणं, बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ म्हणणं, घरातले तांदूळ संपले असं न म्हणता ‘वाढले’ म्हणणं, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळे बाहेरून आलेला दावा आपल्याला अनोळखी वाटला नाही. फरक एवढाच की आजीने कधी स्कॅनचा हवाला दिला नव्हता. ‘जातो’ या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याला लख्ख कळतो, आणि म्हणूनच तर तो टाळायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ही बोलण्यातली अदब आहे. तिला मेंदूविज्ञानाचा अंगरखा चढवला की अदबही जाते आणि विज्ञानही.

गंमत अशी की याच व्यासपीठावरून, कधी कधी तर एकाच भाषणात, दुसराही एक दावा केला जातो: ‘नाही’ हा शब्द मेंदूसाठी विष आहे. अँड्र्यू न्यूबर्ग आणि मार्क वॉल्डमन यांचं ‘वर्ड्स कॅन चेंज युवर ब्रेन’ हे पुस्तक २०१२ मध्ये आलं. त्या सुमाराच्या त्यांच्या लिखाणात असं आहे की एफएमआरआय यंत्रात माणसाला झोपवून त्याच्यासमोर क्षणभर ‘नो’ हा शब्द चमकवला तर ताण वाढवणारी डझनावारी संप्रेरकं मेंदूत सुटलेली दिसतील. हे वाचून कुणाही रेडिओलॉजिस्टच्या भुवया उंचावतील. एफएमआरआय यंत्राला संप्रेरकं दिसतच नाहीत. मेंदूच्या कोणत्या भागातल्या रक्तात ऑक्सिजनचं प्रमाण किती बदललं, तेवढं ते टिपतं. ‘नो’ आणि ‘येस’ या दोन शब्दांवर एक खराखुरा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात माणसांना हे शब्द ठासून उच्चारलेले ऐकवले. ‘नो’ ऐकल्यावर उजव्या डोळ्याच्या खोबणीमागच्या, भावना आणि आवर यांच्याशी निगडित भागातला संकेत उतरला, ‘येस’ ऐकल्यावर त्याला लागूनच असलेल्या भागातला चढला, आणि ‘नो’नंतर लोकांचा प्रतिसाद थोडा मंदावला. विष, पूर, डझनावारी संप्रेरकं, यातलं काही नाही. पण आपल्या मुद्द्याला महत्त्वाचं ते पुढेच आहे: मेंदू ‘नाही’ आणि ‘हो’ यांत लगेच फरक करतो. नकाराने मेंदू हादरतो आणि नकार मेंदूला कळतच नाही, ही दोन विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. वक्त्यांनी निदान त्यातलं एक निवडावं.

आता प्रतिपक्षाच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा. तो त्यांच्यापैकी फारसं कुणी सांगत नाही, पण वाद नीट घालायचा तर तो आपणच मांडला पाहिजे. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांना मेंदूच्या विद्युत आलेखात एक खूण सापडली. वाक्यात विजोड शब्द आला की तो दिसल्यानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी आलेखात ऋण दिशेची एक लाट उमटते. तिला एन४०० म्हणतात. शब्द जितका अनपेक्षित, तितकी लाट मोठी. तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, इरा फिश्लर आणि सहकाऱ्यांनी या लाटेवर नकाराची परीक्षा घेतली. ‘रॉबिन हा पक्षी आहे’ आणि ‘रॉबिन हे वाहन आहे’ अशी इंग्रजी वाक्यं घेतली आणि त्यांचीच नकारार्थी रूपंही घेतली. ‘रॉबिन हे वाहन नाही’ हे वाक्य तर सोळा आणे खरं. तरीही ‘वाहन’ या शब्दावर लाट मोठीच आली. आणि ‘रॉबिन हा पक्षी नाही’ हे धडधडीत खोटं असूनही ‘पक्षी’वर ती लहानच राहिली. म्हणजे त्या पहिल्या अर्ध्या सेकंदात मेंदूने रॉबिन आणि पक्षी यांचं नातं पाहिलं, मधला नकार जणू मोजलाच नाही. ‘मेंदूला नाही कळत नाही’ या घोषणेला विज्ञानात कुठे आधार असेलच, तर तो इथे आहे.

पण ही वाक्यं पुन्हा वाचून पाहा. ‘रॉबिन हे वाहन नाही’ असं कोण कुणाला कधी सांगतं? नकार आपण उगाच करत नाही. समोरच्याच्या मनात काही असेल, काही गैरसमज होण्यासारखा असेल, तर तो खोडण्यासाठी ‘नाही’ येतं. ‘आज रविवार नाही’ हे वाक्य सुट्टी समजून अंथरुणात लोळणाऱ्याला उद्देशून असतं. कारणाशिवाय आलेला नकार ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो, आणि फिश्लर यांच्या प्रयोगातला प्रत्येक नकार असा बिनकारणाचा होता. मान्टे न्यूलँड आणि जिना कुपरबर्ग यांनी २००८ मध्ये नेमकी हीच चूक दुरुस्त केली. ‘योग्य साधनं असतील तर पाणबुड्यासारखं खोल पोहणं फारसं धोक्याचं नाही’ अशा धाटणीची वाक्यं त्यांनी घेतली. इथे नकाराला कारण आहे, कारण ऐकणाऱ्याला तो प्रकार धोक्याचा वाटत असणारच. अशा वाक्यांत नकार धरून जो शब्द खरा ठरतो त्यावर लाट लहान आली आणि जो खोटा ठरतो त्यावर मोठी. अर्ध्या सेकंदाच्या आतच मेंदूने नकार हिशेबात धरला होता. त्याच प्रयोगात, नकार उगाच घुसडलेल्या वाक्यांवर मात्र हा फरक दिसला नाही. थोडक्यात, १९८३ चा निष्कर्ष नकाराबद्दलचा नव्हताच. तो निरर्थक नकाराबद्दलचा होता. माझ्या मते या सगळ्या वादाचा निकाल इथेच लागतो. मेंदूचा प्रतिसाद शब्दाच्या जातीवर ठरत नाही, तो शब्द त्या ठिकाणी कोणतं काम करतो आहे यावर ठरतो.

‘पळू नको म्हटलं की मेंदू पळण्याचीच तयारी करतो’ हा दाव्याचा दुसरा भाग तर थेट तपासता येतो, आणि तो तपासलाही गेला आहे. कृतिदर्शक शब्द ऐकले की मेंदूतल्या हालचालीशी संबंधित भागांत किंचित जाग येते, हे खरं. मार्को तेत्तामान्ती आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये इटालियन वाक्यांवर पाहिलं, की ‘मी बटण दाबतो’ऐवजी ‘मी बटण दाबत नाही’ अशा तऱ्हेचं वाक्य आलं की ही जाग कमी होते. २०१२ चा एक फ्रेंच प्रयोग तर मला फार आवडतो, इतका तो साधा आहे. माणसाला बोटांच्या चिमटीत दाबमापक धरायला दिला आणि वाक्यं ऐकवली. वाक्यात हाताने करायची कृती आली, म्हणजे कुणी वजन उचलतं वगैरे, की नकळत चिमटीचा दाब वाढायचा. तीच कृती नकारार्थी वाक्यात आली की दाब वाढायचा नाही. ऐकणाऱ्याला यातलं काही जाणवतही नाही, तेव्हा ‘अंतर्मन’ ज्याला म्हणतात ते असेल तर इथेच असेल. आणि त्यालाही नकार कळलेला आहे. लिउबा पापेओ यांनी २०१६ मध्ये चुंबकीय स्पंद देऊन स्नायूंची सज्जता मोजली. आधी होकाराचं चित्र उभं राहतं आणि मग ते पुसलं जातं, अशी जी एक उपपत्ती होती, तिचीच ही कसोटी होती. अर्थाचा परिणाम मेंदूत जितक्या लवकर दिसू शकतो, तितक्याच लवकर नकारानेही फरक पाडलेला होता.

यावर एक आक्षेप मराठी वाचकालाच सुचेल, आणि तो योग्य आहे. फ्रेंच, इटालियन, इंग्रजी या भाषांत नकाराचा शब्द क्रियापदाच्या आधी किंवा त्याला लागून येतो. मराठीत आधी ‘पळू’ येतं, ‘नको’ मागून. मग आपल्या मेंदूत तेवढा वेळ तरी ‘पळ’चं राज्य नसेल का? असलं तरी ते दोन अक्षरांच्या उच्चाराएवढं. त्यात कुणी उठून पळत नाही. शिवाय मराठी ऐकणारा ‘पळ’ ऐकतच नाही, ‘पळू’ ऐकतो. ‘ऊ’कारान्त रूपावर आज्ञा संपत नाही; पुढे ‘नको’, ‘नये’, ‘दे’, ‘शकतो’, ‘लागला’ यांपैकी काहीतरी येणार हे कानाला आधीच माहीत असतं. विदर्भात ‘नोको पळू’ असं उलटं बोलायलाही कुणाची हरकत नसते. आणि मराठी नकार हा नुसता चिकटवलेला तुकडा नाही. तो माणसाप्रमाणे बदलतो: नाही, नाहीस, नाहीत, नको, नकोस, नका. शाळेतल्या आठ शब्दजातींच्या खणांत ‘नको’ कुठे बसवायचा यावर वर्ग घोळात पडतो, बोलणारा कधीच पडत नाही. ‘किती छान आहे नाही!’ यात ‘नाही’ कशालाच नाकारत नाही. उलट समोरच्याला होकारात ओढून घेतं. ‘वाईट नाही’ ही आपल्याकडे बऱ्यापैकी मोठी शाबासकी असते. ‘आल्याशिवाय राहणार नाही’ यातले दोन नकार मिळून ठाम होकार होतो. मेंदू ‘नाही’ या आवाजाला ठरावीक ठोका देणारं यंत्र असता, तर या तिन्ही ठिकाणी आपल्याला एकच काहीतरी कळलं असतं.

या दाव्यामागे मेंदूचं एक चित्र दडलेलं आहे. त्यात मेंदू म्हणजे टपाल कचेरीतली खणांची फळी: नामं या खणात, क्रियापदं त्या खणात, चांगले शब्द वर, वाईट खाली, आणि नकाराचं पाकीट आलं की पत्ता नाही म्हणून परत. हे चित्र निव्वळ अडाणीपणातून आलेलं नाही. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डाव्या बाजूची इजा दाखवली तेव्हापासून शब्दांच्या जागा शोधण्याचं काम चालू आहे. १९९१ मध्ये आल्फोन्सो कारामाझ्झा आणि आर्गाय हिलिस यांनी असे दोन रुग्ण नोंदवले की एकीला क्रियापदं बोलता येत नव्हती पण लिहिता येत होती, तर दुसरीला बोलता येत होती पण लिहिता येत नव्हती. नामं मात्र दोघींची बरीच शाबूत. खणांच्या बाजूने याहून चांगला पुरावा मिळणं अवघड. पण पुढे अशी ढीगभर संशोधनं जमल्यावर गॅब्रिएला विग्लिओको आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्यांचा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की बऱ्याच ठिकाणी नामं म्हणजे वस्तू आणि क्रियापदं म्हणजे हालचाली अशीच निवड झाली होती. अर्थाचा हा फरक काढून टाकला की सुट्या शब्दांच्या बाबतीत नाम आणि क्रियापद यांच्यातली मेंदूतली सीमारेषा पुसट होते. वाक्य जुळवायचं काम आलं की ती पुन्हा ठळक होते. म्हणजे पुन्हा तेच: काम. नागपूरकराला हे निराळं सांगायला नको. ‘तो धरमपेठेत राहिला’ आणि ‘तो जेवून राहिला’ यांतला ‘राहिला’ कानाला एकच. पहिल्यात तो मुक्काम सांगतो, दुसऱ्यात नुसता काळ. तरी इथल्या कुणालाही कधी वाटत नाही की जेवणाऱ्याने तिथे भाड्याने खोली घेतली.

ब्रोकांचाच आणखी एक रुग्ण या वादात साक्षीला बोलावण्यासारखा आहे. पहिला, ‘टॅन’ एवढंच बोलू शकणारा लबॉर्न, जगप्रसिद्ध झाला. दुसरा लेलाँग. पक्षाघातानंतर त्याच्याकडे जेमतेम पाच शब्द उरले होते: स्वतःचं अर्धवट नाव, ‘नेहमी’, ‘तीन’ या अर्थाचा एक मोडका शब्द, ‘हो’ आणि ‘नाही’. कोणतीही संख्या सांगायची झाली तरी तो ‘तीन’च म्हणायचा आणि खरा आकडा बोटांनी दाखवायचा. भाषेची इमारत कोसळली तेव्हा ढिगाऱ्यातून जे थोडं वाचलं, त्यात ‘नाही’ होतं. जो शब्द मेंदूला कळतच नाही, तो इतका शेवटपर्यंत कसा टिकला, याचं उत्तर खणांच्या फळीवाल्यांनी द्यावं. आजही वाचाघाताच्या रुग्णाची तपासणी करताना ‘तुमचं नाव अमुक का?’ अशा हो-नाहीच्या प्रश्नांनी त्याचं आकलन पाहतात.

आता माकड. ‘औषध घेताना माकडाची आठवण येऊ देऊ नका’ असं वैद्याने बजावलं आणि रोग्याला पेल्यात माकडच दिसू लागलं, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि नकारविरोधकांचं हे हुकमी पान आहे. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये याचाच प्रयोग केला, फक्त माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं. ‘पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा’ असं सांगितल्यावर लोक मिनिटाला एकापेक्षा जास्त वेळा घंटी वाजवत राहिले. पण यातून सिद्ध काय झालं? प्रत्येक घंटीचा अर्थ ‘नको असलेला विचार आला’ असा होता. ज्याला ‘नको’ कळलंच नसतं त्याने घंटी कशाला वाजवली असती? तो मजेत अस्वलाचा विचार करत बसला असता. आपल्याच विचारावर पहारा ठेवायचा तर पहारेकऱ्याला चोराचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवावा लागतो, ही अडचण मनाला आवर घालण्याची आहे, शब्द समजण्याची नव्हे. वेग्नर यांच्याच प्रयोगात दुसरा एक विचार, एक लाल फोक्सवॅगन, पर्याय म्हणून दिल्यावर अस्वल पुढे पुष्कळ कमी त्रास देऊ लागलं.

शिक्षकांचा अनुभव मात्र मी माकडाइतक्या सहज बाजूला सारणार नाही. ‘ओरडू नका’पेक्षा ‘हळू आवाजात बोला’ लहान वर्गात लवकर लागू पडतं, असं शिक्षक सांगतात तेव्हा त्यांचं खरं असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहान मुलांच्या हाती रबरी फुगा देऊन केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. तीन-साडेतीन वर्षांचं मूल स्वतःच ‘दाबू नको’ म्हणायचं आणि म्हणता म्हणता फुगा दाबायचं. पाच वर्षांच्या सुमाराला हे थांबायचं. पण मुलाला तेव्हा शब्द कळत नव्हता असं म्हणाल तर तेही टिकत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: वस्तू बादलीत किंवा ट्रकमध्ये लपवायची आणि ‘ती बादलीत नाही’ एवढंच सांगायचं. सव्वादोन वर्षांची मुलं बरोबर ट्रककडे जातात. म्हणजे नकार सव्वादोन वर्षांच्या मुलाला कळतो. हात आवरायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात, कारण आवर घालणारा कपाळामागचा भाग सावकाश पिकतो. ‘हळू बोला’ चांगलं चालतं ते त्यात करायची एक नेमकी गोष्ट दिलेली असते म्हणून. ‘ओरडू नका’ यात काय करायचं नाही ते कळतं, काय करायचं ते मुलाने स्वतः शोधायचं असतं. हा शिकवण्याच्या पद्धतीतला उत्तम सल्ला आहे. त्यावरून मेंदू नकाराला बहिरा आहे असं म्हणणं म्हणजे चांगल्या सल्ल्याला खोटं प्रमाणपत्र चिकटवणं.

नकार महाग आहे, हेही कबूल करायला हवं. नकारार्थी वाक्य पडताळायला वेळ जास्त लागतो, हे कितीतरी प्रयोगांत दिसलं आहे. शासकीय अर्जांत दोन-तीन ‘नाही’ एकात एक अडकवले की भलेभले चक्रावतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘अमुक खोटं आहे’ असं वारंवार सांगितलेल्या वयस्क लोकांना काही दिवसांनी ‘अमुक’ लक्षात राहिलं आणि ‘खोटं’ विसरलं. आरोग्याच्या सूचना लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण ही स्मरणातली गळती आहे. ऐकताना कळलेलं पुढे निसटणं. तिच्यावरचा उपाय नकार पुसणं हा नसून नकाराच्या जोडीला खरं काय तेही सांगणं हा आहे. नागपुरातल्या नायलॉन मांजाचंच पाहा. संक्रांतीच्या सुमाराला दरवर्षी दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरले जातात, पक्षी मरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन प्रशासनाला धारेवर धरलं. आता सकारात्मक शब्दांच्या आग्रहाखातर फलकावर ‘आनंदाने पतंग उडवा’ लिहून पाहा. त्यात बंदीचा मागमूसही उरत नाही. ‘सुती धागा वापरा’ लिहिलं तर नायलॉनही चालत असेल अशी पळवाट राहते. ‘नायलॉन मांजा वापरू नका, विकू नका’ हे लिहावंच लागतं. कारण करायच्या गोष्टी हजार असतात आणि नको ती एकच. ती एक नेमकी दाखवायचं काम भाषेत नकाराखेरीज दुसरं कुणी करू शकत नाही.

आणि नागपुरात उभं राहून ‘मेंदूला नाही कळत नाही’ असं म्हणणाऱ्याला एक जागा दाखवली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायाला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास नकारार्थी आहेत. सुरुवातच जुन्या देवदेवता न मानण्यापासून होते. पुढे चोरी, व्यभिचार, खोटेपणा, दारू यांना नकार येतो. पंचशीलही अमुक अमुक करण्यापासून दूर राहण्याचंच व्रत आहे. समोरच्या समुदायात शाळेची पायरी न चढलेले पुष्कळ होते. नकार गाळून ऐकणारा मेंदू त्यांचा असता तर त्या दिवशी त्यांनी नेमक्या त्याच गोष्टींचा स्वीकार केला असता ज्या सोडायला ते आले होते. झालं ते जगाला माहीत आहे: घरांतले देव्हारे उतरले, नवस-श्राद्धं सुटली, पुढच्या पिढ्यांची आयुष्यं बदलली. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी जिच्यावर काम केलं त्या राज्यघटनेतही समानतेची आणि जीविताची हमी, अनुच्छेद १४ आणि २१, राज्याने काय करायचं नाही अशाच भाषेत दिलेली आहे. सत्तेला आवर घालायचा तर ‘नाही’ म्हणावंच लागतं, हे घटनाकारांना माहीत होतं.

शेवटचा आक्षेप सगळ्यात गोड असतो: समजा विधान चुकीचं असेल, पण चार लोक चांगलं बोलू लागले तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये आला, तेव्हापासून शाळाशाळांतून मुलांना एक गोष्ट घोकून घेतली जाते: नकोसा स्पर्श झाला की मोठ्याने ‘नाही’ म्हणा. त्याच शाळेच्या त्याच सभागृहात आठवड्याने दुसरा वक्ता येऊन सांगतो की ‘नाही’ हा शब्द वापरू नका, समोरच्याला तो ऐकूच जात नाही. या दुसऱ्या वाक्याचा खरा लाभार्थी कोण, याचा विचार मुख्याध्यापकांनी करावा. मुलीचा नकार ‘तिच्या मनात होच असतो’ म्हणून झटकून टाकणाऱ्यांच्या हाती आपण विज्ञानाच्या नावाने कोणतं शस्त्र देतो आहोत, याचाही. आणि आजारातून न उठलेल्या माणसाच्या घरच्यांना ‘तुम्ही नकारात्मक शब्द वापरलेत’ असं सुनावणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

म्हणून पालकांना आणि शाळांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून हा दावा केला तर प्रश्नोत्तरांत हात वर करून तीनच गोष्टी विचारा: प्रयोग कोणता, कोणत्या भाषेत झाला, आणि त्यात सुटा शब्द दाखवला होता की कारण असलेलं पूर्ण वाक्य. उत्तर मिळेपर्यंत मुलांना ‘नको’ म्हणत राहा, शक्य तिथे त्याच्या जोडीला ‘हे कर’ही सांगा, आणि मुलं तुम्हाला ‘नको’ म्हणतील तेव्हा ते तुम्हाला कळलं आहे असं वागा.